मळईवाडीचं मागीलदार

‘‘सिस्टर, तुमची ती मगरवाली बाई जिवंत आहे ना?’’

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो घोट मी अजून गिळतेच आहे असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टर सोनटक्के म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. वय अठ्ठावीस, लातूरकडचे. पहिल्यांदा समुद्र बघून ‘‘याला पलीकडचा काठ कुठंय?’’ असं विचारणारे. माणूस सरळ. सरळ माणसाला थापा मारू नयेत, कारण तो त्या लिहून घेतो. माझ्या थापा त्यांनी नुसत्या लिहून घेतल्या नव्हत्या, त्या छापायला दिल्या होत्या.

झालं होतं असं. आरोग्य सप्ताहात तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रानं प्रदर्शन भरवायचं, असं पत्र आलं. विषय : सार्वजनिक आरोग्य परिचर्येचा इतिहास आणि आपल्या भागातील आद्य परिचारिका. सोप्या भाषेत, दवाखान्यात बसून राहण्याऐवजी घरोघर फिरून माणूस आजारी पडूच नये म्हणून धडपडणारी नर्स आपल्याकडे कधी आली आणि पहिली कोण आली, ते भिंतीवर लावा. पोरींनी इंटरनेटवरून फलक तयार केले. दिवा घेतलेली गोरी बाई, टोपी घातलेली गोरी बाई, सायकलवरची गोरी बाई. डॉक्टर म्हणाले, ‘‘यात आपलं कोण?’’

मीटिंगमध्ये शांतता. आणि शांतता मला सोसत नाही. लहानपणापासूनचं दुखणं आहे. माझा आवाज असा, की तोंडवलीच्या किनाऱ्यावरून मी हाक मारली तर धामापूरच्या तळ्यात तरंग उठतात. लाऊडस्पीकरवाला मला बघून दुकान बंद करतो. तर मी उठले आणि सांगितलं, ‘‘आपली म्हणजे रोझाबाय!’’

मग सुटलेच. मळईवाडीच्या उपकेंद्राची पहिली नर्स. भर पावसात, खाडीला पूर, डोक्यावर लसीचा डबा, तोंडात सुईची पेटी, आणि बाय पोहतेय. मागून मगर. साधीसुधी नव्हे, चौदा हात लांब. बायनं मागं वळून मगरीला दटावलं, ‘‘लस वाया गेली तर जबाबदार कोण?’’ आणि मगर वरमून परत गेली. वाडीतल्या बावीस पोरांना त्याच दिवशी देवीची लस टोचून झाली.

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते लिहीत होते.

चार दिवसांनी फलक छापून आला. वर चित्रकाराच्या कल्पनेतली मगर, खाली मजकूर. शिवाय डॉक्टरांनी वर कळवूनही टाकलं होतं की आद्य परिचारिका श्रीमती रोझाबाय स्वतः मंचावर उपस्थित राहतील. म्हणून तो प्रश्न. जिवंत आहे ना?

‘‘आहे की,’’ मी म्हटलं. ‘‘गोव्यात असते. पुतण्याकडे.’’

‘‘मग आणा. नऊ दिवस आहेत.’’

आता रोझाबाय खरी कोण ते सांगते. यात मीठमसाला नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा ती निवृत्तीला आली होती. तीन वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. त्या काळात आमच्या पदाला ए.एन.एम. म्हणायचे. गावात त्याचं भाषांतर एकच, नर्सबाय. मळईवाडी खाडीच्या पलीकडे, माडांच्या आणि खारफुटीच्या मधे चिकटवल्यासारखी. तिच्याआधी तिथं काय होतं? सुईण होती, आणि वर्षातून एकदा येणारा देवीडॉक्टर. म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस. तो डॉक्टर नव्हता आणि देवीशीही त्याचा संबंध नव्हता, पण लोक म्हणायचे. तो आला की पोरं माडावर चढत. मग ही आली. एकटी, बिनलग्नाची, किरिस्तांव, पांढऱ्या साडीत. एक पत्र्याची ट्रंक, एक बॅग. तिनं सुईणींना हात धुवायला आणि ब्लेड उकळायला शिकवलं. विहिरींत औषध टाकलं. मासळीच्या बर्फाच्या फॅक्टरीतून बर्फ आणून त्यात लशी ठेवल्या. त्यामुळे तिच्या लशींना बांगड्याचा वास येतो, असं लोक म्हणत. सगळी नोकरी तिनं या एकाच वाडीत केली. शेवटी तिथंच चिऱ्यांचं छोटं घर बांधलं.

पहिल्या दिवशी तिनं मला जे शिकवलं ते मी पुढे शेकडो पोरींना शिकवलं, अभिनयासकट. गृहभेटीला गेलं की पुढच्या दारी थांबायचं नाही. पुढचं दार पाहुण्याचं, मागीलदार नर्सचं. मागीलदारी गेलं की काही विचारावं लागत नाही. दोरीवर लंगोट वाळतायत म्हणजे घरात तान्हं आहे. चुलीला धूर नाही म्हणजे बाई आजारी आहे. विहिरीचा रहाट कोरडा, कोंबड्यांची घाण कुठे, म्हातारीचं अंथरूण कुठे, सगळं तिथंच दिसतं. पुढच्या दारात फक्त उत्तरं मिळतात.

हे मी प्रशिक्षणात उड्या मारून सांगायचे. टाळ्या मिळायच्या.

तर नऊ दिवसांतला पहिला गेला फोन नंबर शोधण्यात. चर्चच्या फादरांकडून पुतण्याचा नंबर मिळाला. इनास नाव त्याचं, मडगावला असतो. मी फोन लावला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं, ‘‘अरे इनास, तुझ्या आंटीक मोठो मान मिळतलो आसा! तिका घेऊन ये!’’

मग तो म्हणाला, ‘‘आंटी? आंटी हंय खंय आसा?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ती म्हयनोभर रावली आणि गेली परत. हंय तिका करमाक नाय. वरस झाला. फोन उचलीत नाय ती. मी म्हटलंय, थंय तुमी नर्सी आसात. बघतल्यात.’’

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यापेक्षा हळू आवाजात ‘‘बरं’’ म्हणून ठेवला.

इथं जरा आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. आता मी आरोग्य सहायिका आहे. पाच उपकेंद्रांवर देखरेख, शिवाय जिथं नर्स नाही तिथलं काम अंगावर. मळईवाडीची नर्स बदलून गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही. आशा, म्हणजे गावातलीच आरोग्याचं काम करणारी बाई, तीही नवऱ्यामागून मुंबईला गेली. म्हणून वर्षभर मळईवाडीचं सर्वेक्षण मीच करत होते. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक माणसाचं ब्लडप्रेशर बघायचं, साखर बघायची, गोळ्या पोचवायच्या. पूर्वी हे रजिस्टरात लिहायचो. आता मोबाईलवर अ‍ॅप आहे. घर बंद असेल तर ‘घर बंद’ असं बटण असतं. पण सरकारचा आपल्यावर विश्वास नाही, म्हणून बटण दाबायच्या आधी कुलपाचा फोटो काढावा लागतो.

मळईवाडीत आता घरं चाळीस. मी हिशेब वाढवून सांगत नाही, खरंच चाळीस. त्यातल्या एकतीस घरांना कुलपं. उघडी नऊ, ती वाडीच्या एका टोकाला. माणसं मुंबईत, गोव्यात, काही त्याच्याही पलीकडे. मे महिन्यात आणि गणपतीत दारं उघडतात, दिवे लागतात, वाडी लग्नघरासारखी दिसते. मग परत कुलपं. एरवी चालताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. अशा वाडीत माझ्यासारखीलाही बोलावंसं वाटत नाही. ऐकायला कोण? फोटो काढायचा, बटण दाबायचं, पुढचं घर. एकतीस कुलपांचे फोटो अर्ध्या तासात होतात. मीच एकदा केंद्रात फुशारकी मारली होती, माझ्याइतक्या वेगानं बंद घरं जिल्ह्यात कोणी उरकत नाही.

त्या एकतीसमधलं एक घर रोझाबायचं. तिला पुतण्यानं गोव्याला नेलं, हे मी ऐकलं होतं. पुढच्या दाराला कुलूप दिसलं. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळलं. तीन फेऱ्या, तीन फोटो, तीनदा ‘घर बंद’.

इनासचा फोन ठेवल्यावर मी अ‍ॅपमधले ते तीन फोटो उघडले. पहिल्यात कुलूप. दुसऱ्यात कुलूप. तिसऱ्यातही कुलूपच. पण तो जरा वाकडा आला होता. उजव्या कडेला, घराच्या कोपऱ्यामागं काहीतरी रंगीत. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. दोरीचं टोक आणि त्यावर वाळत घातलेला फुलाफुलांचा झगा. झग्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. म्हणजे तासाभरापूर्वी धुतलेला.

तो फोटो दोन महिन्यांपूर्वीचा होता.

पंच्याऐंशीच्या पुढची बाई. ब्लडप्रेशरची जुनी रोगी, हे मलाच ठाऊक. गोळ्या माझ्या पिशवीत. आणि माझ्याच नोंदीप्रमाणे ती वर्षभर घरात नव्हती, म्हणून तिच्या नावानं एकही गोळी गेली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती जिवंत होती, एवढं मला माहीत होतं. आजचं माहीत नव्हतं.

डॉक्टरांना मी सांगितलं. सगळं नाही. ‘‘मळईवाडीला जाऊन येते,’’ एवढंच. ते म्हणाले, ‘‘गाडी घ्या.’’ मी म्हटलं, ‘‘नको.’’ गाडी पुलावरून वळसा घेऊन जाते, पाऊण तास. पुलाच्या अलीकडून सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीतून चालत पंधरा मिनिटं. सुकती होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी गेले. पन्नाशी उलटलेली बाई चिखलातून पळते म्हणजे काय, ते बगळ्यांना विचारा. नाहीतर नकोच. ते मला दुजोरा देणार नाहीत. मी पळत नव्हते. एकेक पाऊल चिखलातून उपसत चालले होते.

पुढच्या दाराशी गेले. तेच कुलूप, गंज थोडा वाढलेला. पायऱ्यांचे चिरे कधीतरी ढासळलेले. हेही मी तीनदा फोटोत पकडलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. धामापूरचं तळं सोडा, दारावरची पालसुद्धा हलली नाही.

मग घराला फेरी मारली.

मागीलदार झाडून काढलेलं. विहिरीजवळ दोन कळश्या पालथ्या. दोरीवर झगा, तोच. आणि पडवीत आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बसून बांगडे साफ करणारी रोझाबाय. अर्धी राहिली होती. पूर्वीच्या रोझाबायचे दोन करून त्यातली एक कोणीतरी नेली असावी, इतकी अर्धी.

तिनं मान वर केली नाही. ‘‘इलंस?’’

‘‘इलंय,’’ मी म्हटलं.

‘‘बारा म्हयने लागले तुका. पुढच्या दाराकडसून मागल्या दाराक येवक बारा म्हयने. वाटेत काय मगर भेटली?’’

मी तिथंच खाली बसले. रडले वगैरे म्हटलं तर तुम्हाला ही नेहमीची थाप वाटेल, म्हणून म्हणत नाही.

‘‘बाय, माका वाटला तुमी गोव्याक. पुढे कुलूप...’’

‘‘पायरी ढासळली. पडान कंबर मोडतली म्हणून मीच बाहेरसून घातलंय. पुढल्या दारान येणारो कोण ऱ्हवलो आता?’’

‘‘पण मी दारात इलंय तेव्हा साद तरी घालूची!’’

आता तिनं मान वर केली. ‘‘साद मी कित्याक घालू? नर्स कोण? तू काय मी?’’

मी पिशवी उघडली, मशीन काढायला लागले. ती बोटानं थांबवून बघत राहिली. मला कळेना काय चुकलं. मग कळलं. गृहभेटीला गेलं की आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, साबण काढून हात धुवायचे, मगच बाकीच्या वस्तूंना हात लावायचा. म्हणजे एका घरातलं जंतूंचं सामान दुसऱ्या घरात जात नाही. हेही तिनंच शिकवलेलं. माझे पाय चिखलानं भरलेले आणि बॅग थेट जमिनीवर. मी उठले, विहिरीवर हात पाय धुतले, तिच्याकडूनच जुना पेपर मागितला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. सत्तावन्नाव्या वर्षी मी परीक्षा देत होते.

ब्लडप्रेशर दोनशे दहा वर एकशे दहा. दोनदा घेतलं.

‘‘मशीन बिघडला आसात,’’ ती म्हणाली.

‘‘मशीन नवा आसा.’’

‘‘नवाच बिघडता. गोळये संपले त्येका धा म्हयने झाले.’’

मी गोळी दिली, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन केला. रेंज यायला विहिरीच्या कठड्यावर चढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, मी गाडी घेऊन निघालो. तेवढ्यात मागच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरून, जनीवयनी डोकावली. मासे विकते ती, टोपली डोक्यावर.

‘‘काय गो नर्सबाय, आज ह्या वाटेन?’’

मी तिच्यावरच घसरले. ‘‘जनीवयनी, रोझाबाय हंय आसा ह्या तुका ठावक होता?’’

‘‘म्हणजे? रोज दोन बांगडे घेता ती.’’

‘‘मगे माका सांगूक नाय ता?’’

‘‘तू इचारलंस खंय? तू वाडीत येतस, फोन दारासमोर धरतस आणि धावत सुटतस. माका वाटला दारांका काय रोग इलो.’’

रोझाबाय हसली. हसताना तिला धाप लागली.

डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास होता. ती म्हणाली, ‘‘ती वही काढ.’’ फळीवर वही होती. आमच्या नोकरीत फिरतीची डायरी ठेवावी लागते, आज कुठे गेले, कोणाला भेटले. ती निवृत्त होऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी डायरी लिहीत होती. फक्त आता ती कुठं जात नव्हती, म्हणून कोण आलं ते लिहायची. मी पानं उलटली. तारीख, आणि पुढे ‘आज कोण नाय’. तारीख, ‘जनी, बांगडे. बाकी कोण नाय’. तारीख, ‘आज कोण नाय’. पावसाळ्यात जनी यायची नाही. ती पानं तर पानंच्या पानं सारखी, शाळेत शिक्षा म्हणून लिहावीत तशी. एकच ओळ, एकाच अक्षरात. हळूहळू थरथरत गेलेल्या अक्षरात.

मधे एका पानावर माझं नाव. ‘सुनंदा आली. पुढच्या दारात उभी राहिली. फोटो काढला. गेली.’

पुढे तीन-चार महिन्यांनी, ‘सुनंदा आली. साद घातली नाही. घाईत असेल.’

तिसऱ्या खेपेला, ‘सुनंदा आली. बारीक झाली आहे.’

मी वही मिटली. मी अजिबात बारीक झालेले नाही, हा भाग वेगळा.

डॉक्टरांची गाडी आली. दार आपटल्याचा आवाज झाला, मग पुढून, ‘‘सिस्टर! इथं तर कुलूप आहे!’’ आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज परत आला. ‘‘मागून या, साहेब!’’ तो जनीवयनीच्या म्हणण्याप्रमाणे बंदरापर्यंत गेला.

डॉक्टरांनी तपासलं. केंद्रात ठेवून घेतलं. दोन दिवसांत प्रेशर खाली आलं. तिसऱ्या दिवशी तिनं नव्या नर्सपोरीला सुई धरायला शिकवलं आणि चौथ्या दिवशी, ‘‘माझे कोंबये उपाशी आसतले,’’ म्हणून घरी जायला निघाली. मी म्हटलं, ‘‘बाय, माझ्याकडे ऱ्हवा. क्वार्टरमध्ये तीन खोले, मी एकटी.’’ ती म्हणाली, ‘‘तू एकटी आसस म्हणून मी माझा घर सोडू काय?’’

कार्यक्रमाच्या दिवशी डॉक्टर स्वतः तिला आणायला गेले. मागीलदारी. हॉलमध्ये तालुक्याहून आलेल्या मॅडम, सरपंच, शाळेची मुलं. शाल, श्रीफळ. मग तिला फलकांसमोरून नेलं. दिव्याची बाई बघितली, सायकलची बाई बघितली. ‘‘हिची सायकल बरी आसा,’’ म्हणाली. आणि मग आली मगर.

तिनं चष्मा काढला, पुसला, लावला, पूर्ण मजकूर वाचला. मी खांबामागं गेले. खांब बारीक होता.

‘‘ह्या कोणी लिवला?’’

डॉक्टरांनी अभिमानानं माझ्याकडे बोट केलं.

‘‘खोटा आसा,’’ रोझाबाय म्हणाली. माईक हातात नव्हता तरी सगळ्यांनी ऐकलं. ‘‘मगर नव्हती. होडी होती. होडीवाल्यान घेतल्यान नाय. सगळ्यांच्या बाळंतपणांका हात लावणारी बाई, माझी होडी बाटतली म्हणालो. मगे मी तरीवर, होडी लागता थंय, बसलंय. भरती होती. सुकती होयपर्यंत बसलंय. सकाळपासून दुपार कलंडली. लसीच्या डब्यातलो बरफ वितळतलो म्हणून डबो पदराखाली धरलंय आणि बसलंय. कोण बोलाक नाय, कोण बस म्हणाक नाय. सुकती झाली आणि चलत गेलंय. पोरां बावीस नव्हती. दोन होती. बाकीच्यांनी दारां लावून घेतली.’’

तालुक्याच्या मॅडमनी विचारलं, ‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘काय करतलंय? पुढच्या दारान कोण घेय नाय. मागल्या दारान गेलंय. मागल्या दाराक बायलांची वस्ती. थंय माका पाणी दिल्यानी, बसाक दिल्यानी. पुढल्या दारान मान दिल्यानी आसतो तर गाव माका कधी कळलोच नसतो.’’

एवढंच बोलून ती बसली. तिचं भाषण झालं हे लोकांना उशिरा कळलं, म्हणून टाळ्या उशिरा वाजल्या.

मी इतकी वर्षं पुढचं-मागचं दार शिकवत होते. युक्ती म्हणून. ते कुठून आलं ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षं बरोबर फिरून विचारलं नव्हतं. मगर मात्र मी एका मीटिंगमध्ये फुकट तयार केली होती. सहा-सात तास एकटीनं खाडीकाठी बसणं ही गोष्ट सांगायला अवघड, तिच्यात काही घडतच नाही. मगर आणली की सोपं जातं.

फलक बदलला. नव्यात मगर नाही, होडीवालाही नाही. रोझाबाय म्हणाली, त्याचं नाव कशाला, त्याची नातवंडं मीच टोचली. नव्या फलकावर खाडी आहे, काठावर डबा घेऊन बसलेली बाई आहे. मुलं त्याच्यासमोर थांबत नाहीत, सायकलवालीसमोर थांबतात.

माझं काय झालं ते सांगून संपवते. तीन चुकीच्या नोंदींबद्दल मी स्वतः लेखी खुलासा दिला. त्यावर मला कारणे दाखवा नोटीस आली. दाखवली. नोंदी दुरुस्त करायला गेले तर कळलं, अ‍ॅपमध्ये एकदा पाठवलेली भेट बदलता येत नाही. म्हणजे सरकारदरबारी रोझाबाय त्या तीन फेऱ्यांना घरात नव्हतीच. तिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘माझ्या वहीत आसा मां? मगे झाला.’’

आता मी मळईवाडीला दर गुरुवारी जाते. एकतीसपैकी राहिलेल्या तीस घरांना मागून फेरी मारली. माणूस कुठेच सापडला नाही. एका घरात मांजरी व्यालेली, एका घरात न्हाणीत साप, बाकी ठिकाणी पातेरा, म्हणजे नुसता वाळलेला पाला. तरी प्रत्येक मागीलदारी मी एकदा हाक मारते. उत्तर येत नाही, मग फोटो काढते, मग बटण दाबते. अर्ध्या तासाचं काम आता दिवसभर चालतं, आणि केंद्रात माझ्या वेगाबद्दल कोणी बोलत नाही.

नव्या पोरींना आता मी उड्या मारून शिकवत नाही. एवढंच सांगते, घर बंद आहे हे कुलूप सांगत नाही. दोरी सांगते.

गेल्या गुरुवारी रोझाबाय मागे अंथरुणावर जरा आडवी झाली असताना मी तिची वही चोरून बघितली. त्या दिवसाची नोंद तिनं माझ्यासमोरच, मी विहिरीवर हात धूत असताना, लिहून ठेवली होती.

‘सुनंदा आली. साद घातली. कोंबडी अंड्यावरून उठली.’